मातीचा हलवा

बसायचं कसं असतं, ते पुनमला ठाऊकच नव्हतं. मी लई भाडेकरू बघितले हायत. माझ्या घराच्या वरच्या खोल्या मी क्लासच्या पोरापोरींच्या आयांनाच देते. लातुरात काय, गल्लोगल्ली तेच. गावाकडनं लेकरू घेऊन येतात, एका खोलीत संसार मांडतात, लेकराच्या डब्याचं बघतात आणि परीक्षा झाली की गाठोडं बांधून जातात. कुणी दिवसभर झोपते, कुणी मोबाईल बघते, कुणी जिन्यात बसून मला सासूची गाऱ्हाणी सांगते. ही बाई मात्र पहिल्या दिवसापासनं माझ्या डोक्याला ताप झाली. सकाळी गच्ची झाडली, तर दुपारी पुन्हा झाडायची. नळाला पाणी आलं की माझ्याआधी मोटारीच्या बटनापाशी उभी. एक दिवस बघते तर माझ्या कुंडीतल्या बेलाच्या रोपाला खुरपून ठेवलेलं.

म्हटलं, "अगं बाई, ती कुंडी हाय, तुझं वावर न्हाई."

तर म्हणते, "काकू, हाताला काम न्हाई तर कसंतरीच होऊन राहिलं."

हदगावाकडची बोली तिची. ते 'होऊन राहिलं, करून राहिलं' ऐकलं की मला हसू यायचं. मी गौरम्मा, तोंडानं फटकळ हाय, हे सगळ्या गल्लीला माहीत हाय. पण मनात ठेवत न्हाई मी काही.

पुनमचं गाव हदगाव तालुक्यात, कापूस आणि सोयाबीनचं रान. नवऱ्याचं नाव श्रीमंतराव, मेहनती माणूस. पोरगी वर्षाराणी बारावीला, डॉक्टरकीची परीक्षा द्यायची होती. घरात ठरलं की पोरीला लातूरला ठेवायचं आणि आईनं सोबत ऱ्हायचं. आता बघा, जी बाई पहाट फुटायच्या आत चुलीपाशी आणि दिवस वर यायच्या आत कापसात, तिला एक खोली, एक शेगडी आणि दोघींचा स्वयंपाक. नऊच्या आत सगळं आवरून व्हायचं. मग पोरगी अभ्यासाला बसायची आणि हिनं आवाज करायचा न्हाई. कुकरची शिट्टी नको, फोडणीचा चरचराट नको, फोनवर बोलणं नको. बांगड्या वाजतात म्हणून मनगटाला फडकं गुंडाळून बसायची. काय बोलावं?

एक दिवस वर्षाराणीच खाली आली. पोरगी शहाणी, बोलायला शांत.

"आजी, आईला काहीतरी काम द्या. ती माझ्याकडंच बघत बसती. मी पान उलटलं की तिला बरं वाटतं. म्हणून मी आजकाल न वाचताच पान उलटते."

मला लई वाईट वाटलं दोघींचंही.

माझ्याकडं लग्नपत्रिकांचा ढीग पडलेला होता. आमच्या आडतीच्या धंद्यामुळं पत्रिका लई येतात. वर देवाचं चित्र, मग ती टाकवत न्हाई, जाळवत न्हाई, कपाटावर साठत ऱ्हाते. म्हटलं, घे बाई, कर ह्याचं काहीतरी. तिनं आधी सगळे देव कापून काढले, एका पिशवीत घातले आणि पिशवी माझ्या हातात दिली, वाहत्या पाण्यात सोडा म्हणून. मग उरलेल्या जाड, चमकत्या कागदाची भेटकार्डं करायला लागली. कार्ड उघडलं की आत फूल उभं ऱ्हायचं. एकात खिडकी, खिडकीत चॉकलेट. वरच्या मजल्यावर कुणाचा वाढदिवस असला की ते कार्ड दाराखालनं आत सरकवायची. गाव-घरापासनं लांब ऱ्हाणाऱ्या पोरी त्या, एकेक जण कार्ड घेऊन रडत बसायची. मी म्हटलं, अगं, हसवायला करतीस का रडवायला?

कार्डांनी महिनाभर भागलं. मग ती रंगीत माती आली. पॉलिमर क्ले म्हणतात तिला. नाव मातीचं, पण हाय ती प्लास्टिकच. मोबाईलवर कुठली बाई तिची कानातली करायची ते पुनम बघायची, तेही आवाज बंद करून. नुसते हात बघून शिकली. गंजगोलाईच्या बाजारात एका स्टेशनरीवाल्याकडं मातीची छोटी छोटी पाकिटं मिळाली. ती मळून मऊ करायची, आकार द्यायचा आणि ओव्हनमध्ये भाजायचं. ओव्हन माझ्या सुनेचा. अंजूनं केकसाठी हौसेनं घेतला होता. एक केक केला, तो विटेसारखा झाला, तवापासनं ओव्हनवर झालरीचं कापड टाकलेलं. दोघींनी मला न विचारता परस्पर ठरवलं.

पहिल्याच दिवशी घरभर धूर. असला घाण वास, की मी पूजेवरनं उठून आले. हातात इष्टलिंग, आणि स्वयंपाकघरात प्लास्टिक जळायलंय. मी काय काय बोलले ते आता सांगत न्हाई. पुनम दारात उभी, हातात काळ्या ठिक्कर पडलेल्या दोन गोळ्या. माफी मागंल म्हटलं, तर हिनं मलाच विचारलं, "काकू, ह्याची वरची तार जास्त तापती का खालची?"

आता अशा बाईवर चिडायचं तरी कसं? अट एकच घातली. तो ओव्हन गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत न्यायचा आणि त्यात पुन्हा कधी खाण्याचं करायचं न्हाई. तिनं आत फरशीचा तुकडा ठेवला, आच कमी करायला शिकली आणि मग तिचं जमत गेलं.

करायची काय, तर कापसाचं बोंड. नखाएवढं, उकललेलं, चारी पाकळ्यांतनं कापूस डोकावणारं. सोयाबीनची शेंग. तुरीचं पिवळं फूल. क्लासच्या पोरी कानात घालून हिंडायच्या. काम मिळालं म्हणून बाई बसली असंल, असं तुम्हाला वाटंल. कशाची बसती! माती मळायला वेळ लागतो, म्हणून ती गच्चीवर येरझाऱ्या घालत मळायची. या टोकापासनं त्या टोकापर्यंत, मूठ चालू आणि पाय चालू. खाली माझ्यापर्यंत दिवसभर धपधप ऐकू यायची. पण खोलीत पोरगी मोकळी झाली. पान वाचून उलटायला लागली.

दिवाळीनंतरच्या चाचणीत वर्षाराणीचे मार्क पडले. त्या चाचणीत निम्म्या क्लासचे पडले होते, पण तिच्या बापाला ते कोण सांगणार? श्रीमंतरावांचा फोन आला, पुनम गच्चीवर स्पीकर लावून बोलत होती, आणि मी पापड वाळत घालत होते. कान झाकून घ्यायला हात मोकळे नव्हते माझे.

"तुला पोरीकडं ध्यान द्यायला धाडलं, का मातीत खेळायला? खेळायला गावात माती थोडी होती का?"

पोरीनं फोन घेतला, म्हणाली, "बाबा, आईचा काही संबंध न्हाई." त्यांनी ऐकून घेतलं न्हाई. संक्रांत झाली की येतो, म्हणाले. पोरीला होस्टेलवर टाकू, तू घरी चल.

पुनम नुसती "हाव" म्हणाली.

त्यानंतर ती बाई बघवत नव्हती. पिशवी भरायची, रिकामी करायची. केलेली कानातली डब्यात लावायची, पुन्हा काढायची. जेवायला बसली की दोन घासांत उठायची. मीच एकदा विचारलं, एवढी तगमग कशाची? घरी जायचं हाय, फाशी तर न्हाई?

"घरी कामाला तोटा न्हाई काकू," ती म्हणाली. "तितं माझे हात सगळ्यांच्या कामाचे हायत. ह्यात तेवढे माझे होते. तितं गेल्यावर हे कोण करू देणार?"

मी कोण ह्यांच्या नवरा-बायकोत पडणार? मनातनं मात्र श्रीमंतरावांना चांगल्या शेलक्या शिव्या दिल्या.

त्यातच आमच्या शिवांशचं बोरन्हाण आलं. शिवांश माझा नातू, अंजू आणि मल्लिनाथचं पहिलं लेकरू. संक्रांतीनंतर लेकराला काळं झबलं घालायचं, साखरेच्या काटेरी हलव्याचे दागिने घालायचे आणि डोक्यावरनं मापानं बोरं, मुरमुरे, उसाचे तुकडे, चॉकलेटं ओतायची. गल्लीतली लेकरं ती वेचून खातात. अंजूच्या डोक्यात आलं की दागिने पुनमनं मातीचे करावेत. म्हणाली, साखरेला मुंग्या लागतात, शिवांश दिसंल ते तोंडात घालतो, फोटो व्हायच्या आत हार चाटून संपवंल. मी साफ सांगितलं, माझ्या नातवाच्या अंगावर खोटं काही चढायचं न्हाई. हलवा साखरेचाच पाहिजे.

"बरं आई," म्हणाली. माझी सून 'बरं आई' म्हणाली की समजायचं, पाणी मुरायलंय. पण कार्याच्या गडबडीत माझ्या ध्यानात आलं न्हाई.

दोघींनी गुपचूप केला तो हार. पुनमनं पांढऱ्या मातीत थोडी पारदर्शक माती मिसळली, म्हणजे साखरेसारखी झाक येती. बारीक बारीक दाणे वळले, सुईच्या टोकानं एकेका दाण्याचे काटे वर काढले. गळ्यापाशी लहान दाणे, खाली येतील तसे मोठे. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा आणि हार. लेकरानं ओढला तरी तुटू नये म्हणून नायलॉनच्या दोऱ्यात ओवलं. अंजूला दहादा बजावलं, पोराच्या तोंडात जाऊ देऊ नका. बोलावण्याची कार्डंसुद्धा तिनंच केली, उघडलं की आत लाल बोरांनी लगडलेलं झाड.

आता आमच्या घरातली एक चाल ऐका. शेवटचं माप ओतायच्या आधी घरातली सगळ्यात थोरली बाई लेकराच्या गळ्यातला हार तोडते, दाणे मापात टाकते आणि मग ते माप ओतते. लेकराच्या अंगावरचं गोड सगळ्यांनी खायचं. ही चाल उदगीरची, माझ्या सासरची. अंजू निलंग्याची, तिनं ती कधी बघितलेली न्हाई. मी सांगितली न्हाई, कारण त्यात सांगण्यासारखं काय हाय? म्हणजे बघा, चाल ज्यांना ठाऊक होती त्यांना माती ठाऊक नव्हती, आणि ज्यांना माती ठाऊक होती त्यांना चाल ठाऊक नव्हती.

आणि नेमके त्याच दिवशी दुपारी श्रीमंतराव हजर. एसटीनं आलेले, खांद्याला रिकामी पिशवी, बायकोचं सामान न्यायला. मी म्हटलं, बायकांचा कार्यक्रम हाय, होईपर्यंत ओट्यावर बसा. बसले बिचारे खुर्चीत, आल्या-गेल्याला नमस्कार करत. जिन्यात पुनमची भरलेली पिशवी ठेवलेली होती.

आत बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. शिवांश पाटावर काळ्या झबल्यात, अंगभर पांढरेशुभ्र दागिने. बायका मला म्हणायल्या, "काकू, हलवा लई देखणा हाय, कुणाकडनं केला?" मी आपली कौतुकानं फुगून बसले. पुनम खांबापाशी उभी. "बसा की हो," सगळ्या म्हणायल्या, पण तिची नजर लेकराच्या हातावरनं हलत नव्हती. मला वाटलं, नवरा बाहेर बसलाय, म्हणून तिला करमेना.

उदगीरहून माझी थोरली नणंद आली होती, नागम्माक्का. त्यांनी कनवटीचा पानाचा बटवा काढला, त्यातनं अडकित्ता काढला आणि हाराचा दोरा कच्चकन कापला. मी माप पुढं धरलं. "आज्जी, नका," असं पुनम म्हणाल्याचं मला अर्धवट ऐकू आलं. एवढ्या कालव्यात कोण ऐकतंय? दाणे बोरा-मुरमुऱ्यांत पडले आणि अक्कांनी माप लेकरावर ओतलं. लेकरं तुटून पडली.

पुढचं बघून मी थक्कच झाले. पुनम त्या लेकरांत शिरली. एकाची मूठ उघडली, दुसऱ्याच्या खिशात हात घातला, आणि शेजारच्या पोरीच्या तोंडात बोट घालून दाणा बाहेर काढला. सणासुदीला लेकरांच्या तोंडातला घास काढायली! मी तिचा दंड धरला.

"पुनम, शोभतं का हे तुला?"

"काकू, ते खायचं न्हाई. ती माती हाय."

मी अंजूकडं बघितलं, आणि तिच्या तोंडावरच सगळं लिहिलेलं होतं. अंजूनं शिवांशला उचललं, त्याच्या तोंडात बोट फिरवलं. काही न्हाई. पण आधीच गिळलं असंल तर?

पुनमनं पाटावरचं काळं कापड जमिनीवर पसरलं. जमा झालेले दाणे त्यावर ठेवायला लागली, लहानाशेजारी लहान, मोठ्याशेजारी मोठा, हारात होते तसे. बायकांनी सतरंज्या झटकल्या, लेकरांचे खिसे उलटे केले, बोरं चाळून काढली. एकेक दाणा सापडत गेला, हार भरत आला आणि शेवटी खालच्या बाजूला, मोठ्या दाण्यांमध्ये, एक जागा रिकामी राहिली. तेवढ्यात शिवांश खोकला. रडून रडून खोकला असंल, पण मला धीर निघेना. मल्लिनाथला आडतीवर फोन लावला.

पुनमला म्हटलं, "माझ्या लेकराला काही झालं तर मी तुझं तोंड बघणार न्हाई."

"दवाखान्यात चला," ती म्हणाली. "मी संगं येते." दाण्यांची ओळ मात्र तिनं मोडू दिली न्हाई.

"थांबा जरा," दारातनं आवाज आला.

श्रीमंतराव उंबऱ्यापाशी उभे. एक गाल फुगलेला, बोलणं गोळी तोंडात धरल्यासारखं. त्यांनी तळहातावर काहीतरी काढलं आणि पुढं केलं. पांढरा काटेरी दाणा.

"माझ्याकडं हाय. एका पोरीनं आणून दिला, तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणून. मघापासनं चघळून राहिलो, विरघळतच न्हाई. दुसऱ्याच्या घरचा हलवा, थुकायचा कसा? म्हणून गालात धरून बसलो."

सगळ्यात आधी नागम्माक्का हसल्या. त्यांना हसताना बघून बाकीच्या हसल्या, आणि मी रडायलेय का हसायलेय ते माझं मलाच कळेना. पुनमनं नवऱ्याच्या तळहातावरनं दाणा उचलला, पदराला पुसला आणि रिकाम्या जागेत ठेवला. बरोबर बसला.

श्रीमंतराव वाकून बघत होते. "हे तू केलं?"

"हाव."

"काटे कशानं काढले?"

"सुईनं."

हळदीकुंकू झालं, बायका गेल्या. अंजूला मी काय बोलले ते आमचं घरातलं हाय. आवरून बघते तर जिन्यात पिशवी तशीच आणि श्रीमंतराव गच्चीवर गेलेले. मीही गेले मागनं, पापड काढायचे राहिले होते म्हणून. आता तुम्ही हसणार, ते पापड केव्हाच डब्यात गेले होते.

पत्र्याच्या खोलीत ते ओव्हनचं दार उघडून आत बघत होते. पुनम बाजूला उभी, एका पायावरनं दुसऱ्या पायावर होत. वर्षाराणी क्लासवरनं तशीच वर आली, पाठीला दप्तर. बापानं तिच्या कानाकडं बघितलं. कानात कापसाचं बोंड होतं. बोटानं वर करून निरखलं.

"वेचणीला आलंय," ते म्हणाले.

मग ओव्हनचं दार लावलं, वायर हातात घेऊन पिन बघितली आणि पुनमकडं न बघताच विचारलं, "आपल्याकडं लाईटीचा काही भरवसा न्हाई. भाजता भाजता मधीच गेली, तर माल वाया जातो का?"

"न्हाई," पुनम म्हणाली. "लाईट आली की पुन्हा भाजता येतं."

"मंग जमंल. पोरीची परीक्षा होईपर्यंत तू हितंच ऱ्हा. जाताना ही भट्टी नेऊ."

"माझ्या सुनेचा ओव्हन हाय तो," मी म्हटलं. "कुणाला विचारून नेताय?"

श्रीमंतराव ओशाळले. मी म्हटलं, न्या, न्या, तिचा केक खाण्यापेक्षा ते बरं. वर्षाराणी हसली. मी पुनमकडं बघितलं. ती दाराच्या पायरीवर टेकली होती, हात मांडीवर ठेवून. एवढ्या दिवसांत तिला कामाशिवाय बसलेली मी पहिल्यांदाच बघत होते. मी चहा टाकायला खाली गेले.